पोलादी तार उतरवून दोराचे तणावे चढवताना

मे संपत आला होता. पावसाळ्यासाठी बोट पाण्याबाहेर काढली होती आणि डोलकाठी उतरवून लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती. बाजूच्या तणाव्याची तार खालच्या टोकाला जिथे स्वेजच्या, म्हणजे तारेवर दाबून बसवलेल्या, नळीत शिरते, तिथून मी एक जुनं सुती फडकं फिरवत होते. फडकं अडकलं. वाकून पाहिलं तर एकोणीस तारांपैकी एक तुटून बाभळीच्या काट्यासारखी वर आली होती. बाकीच्या अठरा वरून चकचकीत दिसत होत्या, पण नळीच्या तोंडाशी तपकिरी ओघळ होता. त्या एका तारेमुळे मी सगळी पोलादी तार उतरवली आणि डायनिमा या कृत्रिम धाग्याच्या दोराचे तणावे चढवले. त्या कामात मला पावसाळ्याचे चारही महिने लागले. नीट माहिती असती तर सहा आठवड्यांत झालं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

तणावे म्हणजे डोलकाठीला चहूबाजूंनी धरून ठेवणारे दोर किंवा तारा. मंडपाला असतात तसेच. इंग्रजी पुस्तकांत यालाच स्टँडिंग रिगिंग म्हणतात. बाजूचे ते श्राउड, पुढचा फोरस्टे, मागचा बॅकस्टे. शीड ओढायचे-सोडायचे दोर यात येत नाहीत. ते कोणीही बदलतं. तणाव्यांत चूक झाली तर मात्र डोलकाठी पाण्यात जाते.

माझी बोट २८ फुटी, एका डोलकाठीची, फायबरची, जुनी. डोलकाठी अल्युमिनियमची, साडेदहा मीटर. पुढचे सगळे आकडे याच बोटीचे आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत तीच राहील.

१. आधी ठरवा: तुमच्या बोटीला हे मानवेल का?

तारेच्या आधी दोरच होते. १८३४ साली जर्मनीतल्या हार्ट्‌झ डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्टने पोलादी तारेचा दोर वळला, आणि पुढच्या काही दशकांत तो जहाजांवर आला. त्याआधी डांबर पाजलेला तागाचा दोर, लाकडी चकत्या आणि त्यांत ओवलेली दोरी यांवरच डोलकाठ्या उभ्या राहत. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे. त्याच्या तणाव्यांच्या तळाशी ही जोडणी पाहायला मिळते. आपण जे करणार आहोत ते तेच आहे, फक्त तागाच्या जागी नवा धागा.

हा धागा अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिथिनचा. नेदरलँड्समध्ये हेरलेन इथे १९९० पासून तो डायनिमा या नावाने व्यापारी प्रमाणात निघतो, अमेरिकेत स्पेक्ट्रा नावाने. वजनाला पाण्यापेक्षाही हलका. गंजत नाही. माझ्या बोटीवरची ५५ मीटर तार दहा किलोच्या घरात होती, तिच्या जागी आलेला दोर सव्वातीन किलोचा आहे. डोलकाठीच्या वरच्या भागातून काढलेला प्रत्येक किलो बोटीचं झुकणं आणि डुलणं कमी करतो. मांडव्याला जाताना फेरीबोटींच्या लाटांत हा फरक पहिल्याच दिवशी जाणवला.

मला सगळ्यात मोठा गुण वाटतो तो वेगळाच: दोराचं दुखणं बाहेर दिसतं. पोलादाचं स्वेजच्या पोटात लपतं. तिथे खारं पाणी साचतं, हवा लागत नाही, आणि स्टेनलेसवरचा संरक्षक थर पुन्हा धरत नाही. आपल्या उबदार, खाऱ्या हवेत हे लवकर होतं. दोर घासला तर केसाळ होतो, कापला तर पदर लोंबतो. डोळे असलेल्या कोणालाही कळतं.

पण पुढल्यापैकी काही लागू असेल तर थांबा.

गुंडाळीचं पुढचं शीड, म्हणजे फर्लर असेल तर फोरस्टे पोलादाचाच ठेवा. फर्लरची नळी त्या तणाव्याभोवती सतत फिरते आणि आतला दोर दिसतच नाही. मी तो पोलादाचाच नवा घेतला.

डोलकाठीच्या भिंतीतल्या खाचेत अडकणारी गोळ्याच्या किंवा टी आकाराच्या डोक्याची टोकं असतील तर दोर तिथे थेट बसत नाही. वरची जोडणीच बदलावी लागते, आणि ते काम जाणकाराचं आहे.

शर्यतीत उतरत असाल तर आपल्या वर्गाच्या नियमांत दोराचे तणावे चालतात का, ते लेखी विचारून घ्या.

२. तार मोजा, चेनप्लेट तपासा

तार काढण्याआधी, डोलकाठी उभी आणि ताण कायम असताना, प्रत्येक तणाव्याची लांबी वरच्या पिनेच्या मध्यापासून खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. मी डोलकाठी उतरवून झाल्यावर मोजायला बसले. टर्नबकल, म्हणजे तणावे कसायचे आट्यांचे स्क्रू, सोडलेले, तारा गुंडाळलेल्या, त्यामुळे दोन ठिकाणी दोन-तीन सेंटीमीटरचा गोंधळ झाला. उतरवणारच असाल तर टर्नबकल हलवण्याआधी त्याच्या उघड्या आट्यांचा फोटो काढा आणि त्यांवर चिकटपट्टी लावून खूण करा.

तार निघाली की चेनप्लेट, म्हणजे बोटीच्या अंगाला बोल्टने घट्ट केलेल्या आणि तणावे अडकवायच्या पोलादी पट्ट्या, बाहेर काढून बघा. बाहेर, म्हणजे खरंच बोल्ट सोडून. डेकमधून जाणारा भागच सडतो आणि तो वरून कधीही दिसत नाही. माझ्या सहापैकी एका पट्टीवर डेकच्या पातळीला नखाएवढा खड्डा होता. नवा दोर कुजक्या पट्टीला बांधण्यात काय अर्थ? सहाही पट्ट्या नव्या करून घेतल्या. पट्ट्यांच्या फटीत डेकचं सीलंट पुन्हा भरायला विसरू नका.

३. दोराची जाडी: इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात

सहा मिलिमीटरची एकोणीस तारी स्टेनलेस तार तुटायला पावणेतीन-तीन टन लागतात. सहा मिलिमीटरचाच डायनिमा त्याहून जास्त भार घेतो. मग सहाला सहा घ्यावा असं वाटतं. तसं केलंत तर पहिल्या वर्षी तुमच्या तणाव्यांना झोळ पडेल.

कारण असं. हा धागा सतत ताणाखाली ठेवला की अगदी हळू, पण कायमचा लांबत जातो. याला क्रीप म्हणतात. रबर ताणून सोडलं की परत येतं, क्रीपने गेलेली लांबी परत येत नाही. भार वाढला की क्रीप वाढतो, आणि उष्णता वाढली की आणखी वाढतो. थंड देशातल्या माणसाने लिहिलेला तक्ता मे महिन्यातल्या मुंबईला जसाच्या तसा लावू नका.

म्हणून दोर ताकदीवर निवडायचा नाही, लांबण्यावर निवडायचा. मी वापरलेला हिशोब सरळ आहे. तणाव्याला उभ्या-उभ्या कायम असणारा ताण दोराच्या तुटण्याच्या भाराच्या दहा टक्क्यांच्या आत हवा. बाजूच्या वरच्या तणाव्यांना तारेच्या ताकदीच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास ताण दिला जातो, म्हणजे माझ्या बोटीवर साधारण साडेचारशे किलो. नऊ मिलिमीटरचा एसके ७८ जातीचा बारापदरी दोर सात टनांच्या आसपास तुटतो. साडेचारशे म्हणजे त्याच्या साडेसहा टक्के. मी नऊच घेतला. ढोबळमानाने, तार जेवढी जाड त्यापेक्षा दोर दोन ते तीन मिलिमीटर जाड लागतो. यामुळे ताकद गरजेच्या दुपटीहून जास्त होते, ती असू द्या. उन्हाने आणि घासण्याने वरचे धागे जातील तेव्हा कामी येईल.

जात महत्त्वाची आहे. एसके ७५ जुना, क्रीप जास्त. एसके ७८ मध्ये तो बराच कमी. डीएम २० मध्ये जवळजवळ नाहीच, तो समुद्रातल्या तरंगत्या फलाटांच्या कायमच्या नांगरदोरांसाठी काढला गेला, पण महाग आणि ताकदीला कमी. आइसलँडची हॅम्पिडजान ही मासेमारीच्या जाळ्यांची कंपनी दोर गरम करून ताणून पक्का करते. तसा उष्णतेने बसवलेला दोर मिळाला तर उत्तम, कारण विणीतलं ढिलेपण आधीच निघालेलं असतं.

४. दोर विकत घेताना

आपल्याकडे बाजारात कुठल्याही पांढऱ्या, मऊ, हलक्या दोराला डायनिमा म्हणून विकतात. मला एका दुकानात पाण्याच्या बादलीत टाकून दाखवलं: "बघा मॅडम, तरंगतोय." पॉलिप्रॉपिलिनही तरंगतं, उलट जास्तच. तरंगणं हा पुरावा नाही. धाग्याची जात, जाडी, तुटण्याचा भार आणि बॅच क्रमांक लिहिलेलं प्रमाणपत्र मागा. देत नसतील तर घेऊ नका. तुटण्याचा भार टोकाच्या गुंफणीसकट दिला आहे की नुसत्या दोराचा, हेही विचारा.

लांबी मोजून मागवा. माझी ५५ मीटर तार होती आणि दोर लागला त्याहून बराच जास्त, कारण प्रत्येक टोकाला बराचसा दोर स्वतःच्याच पोटात जातो. वरचे दोन श्राउड प्रत्येकी १२ मीटर, खालचे चार प्रत्येकी ७, बॅकस्टे साडेतेरा. झाले साडेपासष्ट. त्यात सरावाला ५ आणि बोटीवर राखीव ठेवायला १२. मी ८५ मीटर मागवला. शिवाय खालच्या बांधणीसाठी, म्हणजे टर्नबकलऐवजी तणावा चेनप्लेटला बांधायला, पाच मिलिमीटरचा तोच दोर ३० मीटर.

रंगीत किंवा राखाडी लेप असलेला घ्या. लेप ऊन अडवतो आणि विणीत धूळ शिरू देत नाही.

५. कागद आणि हत्यारं

कागदांत हे जवळ ठेवा:

– बोटीच्या रिगिंगचा मूळ आराखडा, नसेल तर तुम्ही मोजलेल्या लांब्यांचा तक्ता, प्रत्येक तणाव्याला नाव देऊन
– दोराचं प्रमाणपत्र आणि बिल
– परदेशातून मागवत असाल तर कुरियरला लागणारी ओळखपत्रं आणि मालाचं नेमकं वर्णन असलेलं बिल. नुसतं 'दोर' लिहिलं की माल सीमाशुल्कात अडकतो
– विमा कंपनीला पाठवलेलं पत्र आणि त्यांचं उत्तर

शेवटच्या कागदाबद्दल थोडं. काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि सर्वेअरला आधी दाखवा. मी ज्यांना विचारलं त्यांनी तीन आठवडे उत्तर दिलं नाही, मग म्हणाले की तारेइतक्याच किंवा जास्त ताकदीचा दाखला हवा. प्रमाणपत्र हाताशी होतं म्हणून एका दिवसात मिटलं.

हत्यारं फार नाहीत. पोकळ विणीत दोर ओढून नेणारी लांब नळी किंवा सुई, तिला फिड म्हणतात. नऊच्या दोराला मी सायकलच्या चाकाची तार दुमडून केलेली सुई वापरली, ती विकतच्या फिडइतकीच चालली. सिरॅमिकची किंवा दातेरी कात्री, कारण साधी कात्री दोन कापांत बोथट होते. शिवणीचा मेणाचा दोरा, जाड सुई, कायम शाईचं पेन, कागदी चिकटपट्टी, मोजपट्टी. ताण द्यायला दोन टनी चेन पुली आणि दोन टनी लटकता डिजिटल काटा. हे दोन्ही मी भाड्याने आणले.

६. टोकांची धातूची सामग्री

दोर स्वस्त पडतो, टोकं महाग पडतात. तरी पैसे इथेच घाला. दोर मधे तुटत नाही. तो टोकाला मरतो, जिथे वाकतो आणि जिथे घासतो.

वळणाचा नियम लक्षात ठेवा: ज्या गोलाईवरून दोर वळेल तिचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान पाचपट. नऊच्या दोराला ४५ मिलिमीटर. तारेचं नेहमीचं टोकदार थिंबल, म्हणजे फाशात बसवायचं धातूचं कडं, याच्या जवळपासही जात नाही. यासाठी खास अल्युमिनियमच्या खाचदार चकत्या मिळतात: वर पिनेला अडकणारी एक, खाली दोरी ओवायला भोकं असलेली दुसरी. अल्युमिनियम आणि स्टेनलेस जिथे टेकतात तिथे दोन धातूंमधला गंज थांबवणारा लेप लावा.

चेनप्लेटच्या भोकातून बांधणीची दोरी कधीही थेट ओवू नका. पट्टीची कड सुरीसारखी असते. मधे जाड, गुळगुळीत, रुंद कमानीचा शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी कडी, घाला.

७. गुंफण

गाठ मारायची नाही. डायनिमात गाठ मारली की निम्म्याहून जास्त ताकद जाते, आणि हा दोर इतका निसरडा की बऱ्याच गाठी सुटतातही. टोकाला डोळा, म्हणजे कायमचा फासा, गुंफूनच करायचा.

मी पहिली गुंफण ससून डॉकवरच्या एका तांडेल काकांसमोर बसून केली. त्यांचा हात नायलॉनच्या तीनपदरी दोरावर बसलेला, ही पोकळ वीण त्यांना नवी. दोर चिमटीत घेऊन मागेपुढे ढकलून त्यांनी वीण उघडमीट होताना पाहिली आणि म्हणाले, "पोरी, पोटात दोर गेला की हा फुगनार, आनि फुगला की आखडनार. आधी एक करून मोज, मग कापाकापी कर." मी ऐकलं नाही. पहिला श्राउड ठरल्या लांबीपेक्षा एक वीत आखूड झाला. तो आता खालच्या एका तणाव्यात गेला आहे, पण पाच मीटर दोर वाया गेला. पाच मीटर सरावाला ठेवा असं मी वर म्हणाले ते याचसाठी: त्यावर दोन्ही टोकं गुंफा, आधीची आणि नंतरची लांबी लिहा. माझ्याकडे प्रत्येक टोकाला सुमारे सात सेंटीमीटर आखडत होतं.

आता कृती.

पोटात जाणारी लांबी दोराच्या जाडीच्या ७२ पट धरा. नऊला ती ६५ सेंटीमीटर येते. टोकापासून तेवढं मोजून पहिली खूण करा (हा टोकाचा भाग म्हणजे शेपूट), तिथून फाशासाठी लागणारा दोर मोजून दुसरी. दुसऱ्या खुणेपाशी मुख्य दोराची वीण उघडा आणि शेपूट आरपार काढा. मग पहिल्या खुणेपाशी शेपटाची वीण उघडून मुख्य दोराचं उरलेलं सगळं टोक तिच्यातून काढा. दोन्ही एकमेकांत अडकतात. हे कुलूप आहे. सैल असतानाही फासा सरकत नाही. याला ब्रमेल म्हणतात. पण भार हे कुलूप घेत नाही. भार घेते ती पोटातली लांबी: दोर ताणला की बाहेरची वीण आवळते आणि आतलं शेपूट घट्ट धरते. जेवढं ओढाल तेवढं घट्ट.

चकतीची खाच उघडी असेल तर फासा नंतर चढवता येतो. बंद असेल तर कुलूप लावण्याआधीच ती फाशात घालून घ्या.

दुसऱ्या टोकाला हीच रीत चालत नाही. पहिल्या टोकाला आता चकती आहे आणि ती शेपटातून आरपार जाणार नाही. तिथे शेपूट मुख्य दोरातून दोनदा काढून, मधला भाग आतलं बाहेर असा उलटवावा लागतो. हे शब्दांत वाचून डोक्यात बसत नाही. जाड बुटाच्या नाडीवर चार-पाच वेळा करून बघा, बोटांना आपोआप कळतं.

आता निमुळतं करणं. हे लोक आळसाने टाळतात. शेपटाच्या शेवटच्या वीस-बावीस सेंटीमीटरमध्ये बारा पदरांपैकी एक-एक ठराविक अंतरावर खेचून बाहेर काढा आणि कापा, टोकाला तीन-चार उरेपर्यंत. डावीकडे वळणारे आणि उजवीकडे वळणारे पदर आलटून पालटून घ्या. मग सुईने शेपूट मुख्य दोराच्या पोटात ओढा, सुई बाहेर काढा, आणि फाशापासून पुढे हात दाबून सरकवत वीण गुळगुळीत करा. गायीची धार काढताना हात जसा जातो तसा. शेपूट टक्कन तोडलेलं असेल तर ते जिथे संपतं तिथे दोराची जाडी एकदम उतरते आणि सगळा ताण त्या पायरीवर येतो. निमुळतं असेल तर हाताला पायरी लागत नाही. डोळे मिटून हात फिरवा. लागली तर उसवा आणि पुन्हा करा.

शेवटी मेणाच्या दोऱ्याने फाशाच्या मानेपाशी आरपार दहा-बारा टाके घाला. बोट नांगरावर झुलताना दोर ढिला-ताठ होतो, त्यात शेपूट हळूहळू बाहेर येऊ नये म्हणून.

दोर आगीजवळ नेऊ नका. हा धागा १४५ अंशांच्या आसपास वितळतो आणि ७० अंशांपलीकडे नेऊच नये. कापलेलं टोक चिकटपट्टीने बांधा. बोटी दुरुस्त होतात त्या आवारात शेजारी कोणीतरी वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करतच असतं. तिथली एक ठिणगी दोन पदर वितळवते. दोर झाकून ठेवा, आणि पत्र्याच्या छपराखाली माळ्यावर तर मुळीच नको.

८. ताणून बसवणं

गुंफलेला तणावा लगेच चढवलात तर पहिल्या वाऱ्यात ढिला पडेल, कारण विणीत आणि गुंफणीत बरंच ढिलेपण असतं. ते जमिनीवरच काढा. मी एका बाजूला जुन्या धक्क्याचा दगडी खुंट, दुसऱ्या बाजूला ट्रकचा हुक घेतला. मधे तणावा, काटा, चेन पुली. दीड टनापर्यंत ओढून चार तास ठेवलं. दर अर्ध्या तासाला काटा खाली येतो, पुन्हा ओढायचा. साडेदहा मीटरचा तणावा ९ सेंटीमीटर लांबला आणि मग थांबला.

ओढताना दोराच्या रेषेत कोणी उभं राहू नये. हा दोर तारेसारखा फटकारत नाही, पण काटा किंवा शॅकल सुटला तर तो गोळीसारखा जातो. दोरावर जुनी गोधडी टाका.

लांबीचा हिशोब आता पूर्ण सांगते. पिन ते पिन साडेदहा मीटर. खाली बांधणीसाठी वीस सेंटीमीटर मोकळं हवं, आणि ताणल्यावर नऊ वाढणार. म्हणून गुंफण झाल्यावर, ताणण्याआधी, तणावा १० मीटर २१ सेंटीमीटर हवा. बांधणीची जागा पंधरा ते पंचवीसच्या मध्ये आली तरी चालतं. टर्नबकलच्या जोडणीला इतकी मुभा नसते.

९. चढवणं

डोलकाठी उतरवलेली असेल तर सगळं जमिनीवर जोडा आणि क्रेनने उभी करा. उभ्या डोलकाठीवर करायचं असेल तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, अष्टमी-नवमीच्या आसपास, सकाळी लवकर करा. उधाणाला प्रवाह जोरात असतो, आणि फेरीबोटी सुरू झाल्या की वर चढलेल्या माणसाचे हाल होतात. एका वेळी एकच तणावा सोडा. तो सोडण्याआधी त्या बाजूला शिडाचा दोर बोटीच्या कडेला बांधून डोलकाठी धरून ठेवा. वर जाणाऱ्याला दोन वेगळ्या दोरांवर टांगा, आणि खाली कोणी उभं राहू नका.

स्प्रेडरच्या टोकाकडे खास लक्ष द्या. डोलकाठीच्या आडव्या हातांवरून दोर जिथे वळतो, तिथे तारेसाठी केलेली खाच अरुंद आणि धारदार असते. ती कानशीने गोल करून पॉलिश करा, आणि दोरावर तिथे अर्धा मीटर जास्तीची वेणी चढवून शिवून टाका. माझ्या डाव्या स्प्रेडरला हे नीट झालं नव्हतं, आणि दोन महिन्यांत तिथे दोर ताकात हात घातल्यासारखा पांढरा, केसाळ झाला. वेळीच दिसलं.

१०. खालची बांधणी आणि ताण

पाच मिलिमीटरची दोरी चकतीच्या भोकांतून आणि शॅकलमधून आलटून पालटून ओवा, निदान सहा फेरे. फेरे एकमेकांवर चढू देऊ नका. पहिल्यांदा हाताने, मग मोकळं टोक विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या यंत्रावर, नेऊन ओढा. दोन्ही बाजूंना थोडं-थोडं, आळीपाळीने. डोलकाठीच्या खाचेतून डोळा लावून वर पाहत राहा, ती सरळ रेषेत राहिली पाहिजे. ताण आला की फेरे चिमट्याने दाबून धरा, मोकळं टोक सगळ्या फेऱ्यांभोवती गुंडाळून एकामागून एक चार-पाच अर्ध्या गाठी मारा. इथे गाठ चालते, कारण भार फेऱ्यांच्या घर्षणानेच अडलेला असतो.

तारेवर लावायचं ताणमापक दोरावर लावून आकडा वाचू नका, तो खोटा येतो.

उन्हाचा एक चमत्कारिक गुण समजून घ्या. अल्युमिनियम तापलं की वाढतं. हा धागा तापला की आखडतो. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत वीस अंश धरले तर साडेदहा मीटरच्या डोलकाठीत आणि दोरात मिळून सात मिलिमीटरचा फरक पडतो. पोलादी तारेत तो दीड मिलिमीटर होता. म्हणजे भर उन्हात कसून बांधलेली बोट थंडीत सकाळी ढिली दिसेल. मी थंड सकाळी बांधते आणि दुपारी फार ताठ झालं का ते पाहते.

विजेचंही बघून घ्या. तार वीज वाहून नेते, दोर नेत नाही. काही बोटींत वीज उतरवण्याची जोडणी चेनप्लेटला असते. ती निकामी होईल. डोलकाठीच्या बुडापासून थेट किलपर्यंत, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्यापर्यंत, जाड तांब्याची तार आहे ना, पाहा.

११. पहिलं वर्ष

पहिल्या आठवड्यात दोनदा, पहिल्या महिन्यात दर रविवारी, नंतर महिन्यातून एकदा ताण बघा. बांधणी सोडून पुन्हा कसायला एका बाजूला वीस मिनिटं लागतात. मी नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात टाकली. दिवाळीपर्यंत तीनदा कसावं लागलं. त्यानंतर जानेवारीत एकदा, आणि पुढे नाही. लांबत राहिलाच, थांबलाच नाही, तर दोर बारीक निवडला गेला आहे. मग बदलावाच लागेल.

दर वेळी हात फिरवत जा. वरचं केसाळपण ऊन आणि हाताळणीमुळे येतं आणि ते खालच्या धाग्यांना झाकतं, तेवढ्याने घाबरू नका. कापलेला पदर, वितळून कडक झालेला ठिपका, किंवा एकाच जागी सपाट झालेली वीण दिसली तर मात्र तो तणावा काढा. चांगला असला तरी आपल्या उन्हात मी पाच वर्षांनी सगळे बदलणार आहे. चढवल्याची तारीख प्रत्येक फाशाच्या मानेवर कायम शाईने लिहिली आहे.

राखीव बारा मीटरच्या एका टोकाला घरीच फासा गुंफून ठेवा. त्याच पिशवीत सायकलच्या तारेची सुई, कात्री, मेणाचा दोरा, दहा मीटर पाचची दोरी आणि एक शॅकल. माझी ही पिशवी सुकाणूजवळच्या खणात असते, जिथे अंधारातही हात पोचतो.